रात्री दहाचं खुराडं

दिवेलागणीला कोंबड्या आपल्या पायांनी खुराड्यात जातात. त्यांना हाकलावं लागत नाही, फक्त मोजून घ्याव्या लागतात. म्हणून खुराड्याची सवय असलेली एखादी कोंबडी रोज दाराशी घुटमळायला लागली, आत मान घालून माघारी फिरली आणि अंधार पडता पडता शेवग्याच्या फांदीवर जाऊन बसली, तर तिला हट्टी म्हणू नये. फांदीवर रानमांजराची आणि घुबडाची भीती असते. तरी ती तिथे जाते, कारण खुराड्यात रात्रभर तिचं रक्त पिणारं कोणीतरी आहे.

हे दिवसा कळत नाही, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. दुपारी कोंबडी पकडून पिसं फिरवून पाहिली तर अंग स्वच्छ दिसतं. तुरा फिकट पडलेला असतो, अंडी कमी झालेली असतात, पण ते उन्हाच्या नाहीतर वयाच्या खात्यावर जमा होतं. दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात जेमतेम शंभर मिली रक्त असतं. चहाच्या एका कपात मावेल एवढं. त्यातून रोज रात्री थोडं थोडं गेलं तर ती किती दिवस उभी राहणार?

कोंबडीच्या अंगावरच्या किड्यांवर औषधं पुष्कळ आहेत. गावात प्रत्येकाकडे एक तरी उपाय असतो आणि बऱ्याच उपायांत तथ्यही असतं. तरी ते फसतात, कारण किडा राहतो एकीकडे आणि औषध पडतं दुसरीकडे. उवा कोंबडीच्या अंगावर राहतात. तांबडे माइट (माइट म्हणजे आठ पायांचे अतिशय बारीक किडे) आणि चपटी गोचीड खुराड्याच्या भेगांत राहतात, कोंबडीकडे फक्त जेवायला येतात. पायाच्या खवल्यांखालचा माइट कातडीतच घर करतो. बिऱ्हाड कुठे आहे हे ठरल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडू नये.

म्हणून तपासणी दोनदा करायची: एकदा दुपारी कोंबडीची, एकदा रात्री दहाच्या सुमारास खुराड्याची.

दुपारी कोंबडी धरताना दोन्ही पंख अंगाशी दाबून तिचं डोकं आपल्या डाव्या काखेकडे घ्यावं, म्हणजे शेपटी समोर येते. उजव्या अंगठ्याने शेपटीखालची पिसं झटकन उलटी करावीत आणि कातडीवर बॅटरी मारावी. झटकन यासाठी, की उवा उजेडापासून पळतात आणि जे काही दिसायचं ते पहिल्या दोन-तीन सेकंदांत दिसतं. तिथून पोट, मांडीची आतली बाजू, पंखांची बगल, मान आणि शेवटी डोकं पाहावं. सगळ्यांत जास्त वेळ शेपटीखालीच द्यावा. तिथली कातडी उबदार आणि ओलसर असते, आणि पिसं दाट.

गव्हाळ रंगाचे, चपटे, दोन-तीन मिलिमीटर लांबीचे किडे कातडीवर सैरावैरा धावले तर त्या उवा. पिसांच्या बुडाशी दांड्याला चिकटलेले पांढरट मेणचट पुंजके असतील तर ती त्यांची अंडी, म्हणजे लिखा. त्या जागची पिसं राखाडी-काळी, तेलकट, माती माखल्यासारखी दिसत असतील आणि मिरपुडीच्या कणाएवढे ठिपके हलत असतील, तर ते अंगावर मुक्काम करणारे माइट. ते लगेच धरणाऱ्याच्या मनगटावर चढतात, आणि पुष्कळदा डोळ्याआधी हातालाच कळतं. माइट म्हणजे द्राक्ष-डाळिंबवाल्यांना माहीत असलेल्या लाल कोळ्याचे लांबचे भाऊबंद.

अंगावर काहीच नाही आणि तुरा मात्र पांढुरका, असं असेल तर रात्रीची वाट पाहायची. कोंबड्या दांडीवर बसून तासभर झाला की दांडीच्या खालच्या बाजूने एक पांढरा कागद घासून न्यावा. कागदावर बारीक ठिपके येतात, बोटाने दाबले की रक्ताची रेघ उमटते. ते तांबडे माइट. रक्त प्यायलेला तांबडा, उपाशी असला तर राखाडी. दिवसा तो दांडीच्या टोकाला, खिळ्याच्या डोक्याखाली, तट्ट्याच्या विणीत आणि पत्रा वाशाला टेकतो त्या फटीत गर्दी करून असतो. बाहेरून तिथे मीठ-मिरपूड सांडल्यासारखी भुकटी दिसते. ती त्यांच्या कातींची आणि विष्ठेची.

दुसरी एक खूण आहे, रात्री जागायला न लागणारी. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा हातभर तुकडा गुंडाळून दांडीच्या खालच्या अंगाला सुतळीने बांधून ठेवायचा. दोन दिवसांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत सोडून उलगडायचा. खुराड्यात तांबडे माइट असतील तर पुठ्ठ्याच्या नळ्यांत सापडतात, कारण त्यांना अशीच अरुंद जागा हवी असते. हा पुठ्ठा पुढेही उपयोगी पडतो.

आता या पाहुण्यांचा उपाशी राहण्याचा काळ पाहू, कारण उपचाराचं वेळापत्रक त्यावर बसतं. ऊ कोंबडीपासून सुटली तर आठवडाभरात मरते. अंगावर राहणारा माइट दोन-तीन आठवडे तग धरतो. तांबडा माइट हवा थंड असेल तर कित्येक महिने रक्ताविना काढतो. आणि चपटी गोचीड वर्ष-दीड वर्षही भिंतीत पडून राहते. म्हणजे ‘कोंबड्या विकून टाकल्या, शेड दोन महिने रिकामं ठेवलं, आता नवीन आणू’ हा हिशेब उवांना आणि अंगावरच्या माइटना लागू पडतो, तांबड्या माइटला आणि गोचिडीला नाही. नवी पिल्लं त्याच दांडीवर बसली की पहिल्याच रात्री जुने रहिवासी बाहेर येतात.

उवांचा उपाय सोपा आहे, फक्त तो तीनदा करावा लागतो. कुठलंही फवारायचं औषध लिखांवर नीट चालत नाही. लिखा चार ते सात दिवसांत फुटतात आणि अंड्यापासून पूर्ण ऊ व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यामुळे पहिल्या दिवशी, आठव्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी असे तीन हात मारले तर मधल्या काळात फुटलेली पोरं अंडी घालायच्या आत मरतात. एकदाच फवारून ‘औषध नकली निघालं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. औषध चांगलं असतं, आठवा दिवस चुकलेला असतो.

जनावरांच्या दवाखान्यातून सहसा डेल्टामेथ्रीन मिळतं, एका मिलीत १२.५ मिलिग्रॅम असलेलं. एक लिटर पाण्यात २ मिली टाकलं की लिटरमागे २५ मिलिग्रॅमचं द्रावण होतं. तेवढं पुरतं. पिसांवर पाणी टिकत नाही, अळूच्या पानावरून ओघळावं तसं ओघळतं. म्हणून लांबून मारलेला फवारा पिसांवरच राहतो आणि कातडीवरची ऊ सुखरूप राहते. पिसं उलटी फिरवून, शेपटीखाली आणि पंखाखाली कातडी भिजेल असं मारावं लागतं. मोठ्या कोंबडीला ४०–५० मिली द्रावण लागतं. त्याहून खात्रीचा मार्ग बुडवण्याचा. कडक उन्हाचा दिवस निवडावा, सकाळी अकराच्या पुढे बादलीत कोमट द्रावण घ्यावं, कोंबडी मानेपर्यंत बुडवून वीस-तीस सेकंद दुसऱ्या हाताने पिसं चोळावीत, डोकं आणि मान ओल्या फडक्याने पुसावी, चोच आणि डोळे वाचवावेत. दिवस मावळायच्या आत ती पूर्ण वाळली पाहिजे. ढगाळ दिवशी किंवा श्रावणसरींत कोंबडी बुडवू नये, ओली कोंबडी रात्री गारठते आणि उवांपेक्षा थंडीच तिला आधी गाठते. अशा दिवसांत फक्त शेपटीखाली आणि बगलेत थोडं फवारावं. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना कधीही बुडवू नये.

याच नावाची किंवा याच जातीची शेतीची औषधं कृषी सेवा केंद्रात स्वस्त मिळतात. ती वापरायची नाहीत. सायपरमेथ्रीन तिथे २५ टक्क्यांचंही असतं, डेल्टामेथ्रीनही जनावरांच्या औषधापेक्षा कडक असतं, आणि त्यात पिकासाठी घातलेले द्रावक कातडी भाजतात. एका झाकणाची चूक आणि संध्याकाळी कोंबड्या माना टाकतात. उरलेलं पाणी ओढ्यात, विहिरीच्या काठाला किंवा तळ्याजवळ ओतू नये, ही औषधं मासे मारतात. घरात मांजर असेल तर कोंबड्या वाळेपर्यंत तिला लांब ठेवावं. या जातीची काही औषधं (पायरेथ्रॉइडं), विशेषतः परमेथ्रीन, मांजराला झटके आणतात. बाटलीच्या पत्रकावर कोंबडीचा उल्लेख नसेल, आणि पुष्कळ बाटल्यांवर तो नसतोच, तर मात्रा आणि अंडी किती दिवस खायची नाहीत हे पशुवैद्याकडून लिहून घ्यावं. तोंडी ऐकलेलं आठव्या दिवसापर्यंत लक्षात राहत नाही.

तांबड्या माइटची गोष्ट वेगळी. इथे कोंबडीवर फवारणं म्हणजे चोर पळून गेल्यावर उंबऱ्याला कुलूप लावणं. उन्हाळ्या-पावसाळ्यात त्याचं अंड्यापासून पूर्ण माइटपर्यंतचं चक्र आठ-दहा दिवसांत पुरं होतं, आणि २५ ते ३० अंश तापमान आणि दमट हवा त्याला फार मानवते. कोकणातला जून ते ऑक्टोबर म्हणजे त्याच्या सुगीचे दिवस. देशावर एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तो मंदावतो. ४५ अंशांच्या वर काही तास ठेवला तर मरतो, आणि हे कळल्यावर डालगी, टोपल्या, अंडी ठेवायची खोकी यांचा प्रश्न औषधाविना सुटतो. ती काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून मेच्या उन्हात पत्र्यावर दिवसभर ठेवावीत. आत सहज पन्नास अंशांच्या वर जातं. रात्री तिथेच राहू द्यावीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन द्यावं.

उभ्या खुराड्यासाठी क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा केला तर मेहनत वाया जाते. आधी सगळा पेंढा, शेण-विष्ठा, कोळ्यांची जाळी काढून बाहेर जाळावी किंवा लांब खड्ड्यात पुरावी. खुराड्यालगत ढीग घालू नये, माइट परत चालत येतात. मग दांड्या काढाव्यात. मग कोरडं खरवडावं. आधी पाणी मारलं तर घाण भेगांत जाऊन बसते आणि औषध तिथवर पोचत नाही. त्यानंतर उकळतं पाणी भेगांत, एका ठिकाणी थांबून ओतावं. भुरभुर शिंपडून ते वाटेतच गार होतं. विटांच्या आणि लोखंडी शेडमध्ये ब्लो-लॅम्पची ज्योत हळूहळू फिरवतात. कुडाच्या, बांबूच्या, गवताच्या खुराड्याला ज्योत लावायची नाही, हे सांगायची गरज वाटू नये. पण असं जळलेलं खुराडं दर काही वर्षांनी एखाद्या गावात दिसतंच. सगळं वाळल्यावर औषधाचा फवारा धुक्यासारखा न मारता एका धारेने भेगेत मारावा, भेगेतून ओघळेपर्यंत. शेवटी चुना: एक किलो भाजका चुना, चार-पाच लिटर पाणी, दोन हात. चुना माइट मारतो त्यापेक्षा भेगा बुजवतो, आणि पांढऱ्या भिंतीवर पुढचा माइट दिसतो. चुना पुरता वाळल्याशिवाय कोंबड्या आत सोडू नयेत, पायांना चटका बसतो.

मातीच्या भिंतीला आपल्याकडे शेण-मातीचं सारवण असतं. बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेलं हे काम माइटच्या दृष्टीने चुन्याइतकंच मोलाचं आहे, कारण सारवलेल्या भिंतीला फट उरत नाही. फक्त ते वर्षाकाठी एकदा दिवाळीला नको, पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर असं दोनदा हवं.

आणि दांडी. सगळ्या खुराड्यात तिच्याइतकं दुर्लक्षित काही नसेल. आपल्याकडे बांबू सोयीचा म्हणून दांडीला बांबू येतो. बांबूची दोन्ही टोकं पोकळ, प्रत्येक पेराला कंगोरा, उन्हाने चिरलेला. तांबड्या माइटला आणि गोचिडीला यापेक्षा चांगली चाळ कोण बांधून देणार? कोंबड्या वर बसतात आणि त्यांना खाणारे त्याच दांडीच्या पोटात. बांबूच वापरायचा असेल तर दोन्ही टोकं सिमेंटने भरून घ्यावीत आणि चिरा मेणाने बुजवाव्यात. साल काढलेली, रंधा मारलेली, चार-पाच सेंटिमीटर जाडीची सागाची किंवा बाभळीची दांडी उत्तम. साल मात्र पूर्ण काढलेली हवी. दांडीची टोकं भिंतीत रोवू नयेत, भिंतीपासून वीतभर लांब, खुंट्यांवर टेकवावीत, आणि खुंट्यांचे पाय जुन्या तेलाने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवावेत. मुंग्यांसाठी दूध-दुभत्याच्या फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची पद्धत होती, तीच ही युक्ती. माइटला उडता येत नाही, चालतच यावं लागतं. छप्पर दांडीला टेकलं, जाळ्याचा एक धागा जरी आला, तरी हा बंदोबस्त मोडतो.

चपटी गोचीड, अर्गास, ही सगळ्यांत घातक, आणि तिच्याविषयी बोललंही सगळ्यांत कमी जातं. गाई-म्हशींची गोचीड अंगाला चिकटून फुगते, तशी ही नाही. मोठी गोचीड रात्री येते, अर्धा-पाऊण तास रक्त पिते आणि भेगेत परत जाते. तिची पिल्लं मात्र पंखाखाली पाच ते दहा दिवस चिकटून राहतात आणि रक्त साकळलेल्या बारीक निळसर फोडांसारखी दिसतात. ही गोचीड कोंबड्यांना स्पायरोकिटोसिस, म्हणजे गोचिडीचा ताप, देते: अंग तापतं, तहान लागते, हिरवट पातळ विष्ठा, पिसं फुलवून बसणं, मग पाय लुळे आणि मृत्यू. हिरवी विष्ठा आणि लुळेपणा पाहून गावात लगेच ‘मानमोडी आली’ म्हणतात. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा विषाणूचा आजार, त्याला औषध नाही. गोचिडीच्या तापाचा जंतू पेनिसिलिनला मरतो. एका आजाराला हात टेकायचे आणि दुसऱ्याला वेळेत सुई द्यायची, एवढं मोठं अंतर या दोन नावांत आहे. म्हणून लसीकरण झालेल्या कोंबड्या अशा मरायला लागल्या तर एक ताजी मेलेली कोंबडी आणि भेगेतून काढलेल्या दोन-चार गोचिड्या बाटलीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात न्याव्यात. गोचिड्या सोबत दिसल्या की पशुवैद्य रक्ताची काच करून पाहतील.

पायांकडे वळू. म्हाताऱ्या कोंबड्यांच्या नळ्यांवरचे खवले उचलले जातात, खाली पांढरट भुसा भरतो, पाय जाड, खडबडीत, चुना थापल्यासारखे होतात. याला वयाचा परिणाम समजतात. तो खवल्यांखाली बीळ करणारा माइट आहे, आणि एका दांडीवर शेजारी बसणाऱ्या कोंबडीला तो हळूहळू लागतो. बोटं वाकडी होतात, पुढे लंगडेपणा येतो. इथे घाई करून खवले सोलून काढणं ही पहिली चूक. खाली जिवंत कातडी असते, रक्त येतं, जंतू शिरतात. दुसरी चूक रॉकेलची. पाय रॉकेलमध्ये बुडवायची जुनी रीत आहे. माइट मरतो खरा, पण कातडी भाजते, आणि पाय चोचीने साफ करताना ते पोटातही जातं.

कोमट पाण्यात अंगाचा साबण विरघळवून पाय दहा मिनिटं भिजवावेत, मऊ टूथब्रशने वरून खाली हलकं घासावं, सुटेल तेवढंच सुटू द्यावं, पुसून वाळवावं. मग खोबरेल किंवा व्हॅसलीन खवल्यांच्या कडांखाली जाईल असं चोळावं. चिकट थराखाली माइट गुदमरतो. औषधी दुकानात मिळणारं गंधकाचं मलमही चालतं. करंज किंवा कडुनिंबाचं तेल लावायचं तर एक भाग ते आणि तीन भाग खोबरेल, निव्वळ तेल काही कोंबड्यांना झोंबतं. हे दर तिसऱ्या दिवशी, तीन-चार आठवडे. आठवड्यात फरक दिसत नाही म्हणून माणसं सोडून देतात. जुने खवले आपल्या वेळेनेच गळतात, नवा गुळगुळीत पाय दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात.

इथे बहुतेक जण आयव्हरमेक्टिन या जंत-गोचिडांवरच्या औषधाचं नाव काढतात. गाई-म्हशींसाठी मिळणाऱ्या इंजेक्शनमध्ये एका मिलीत १० मिलिग्रॅम औषध असतं. किलोला ०.२ मिलिग्रॅम धरलं तर दीड किलोच्या कोंबडीला ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ मिली. हा एक थेंबही नाही. साध्या सिरिंजवर तो मोजता येत नाही, आणि ‘अर्धा मिली दिलं’ असं कोणी सहज सांगतो तेव्हा त्याने सोळापटीहूनही जास्त दिलेलं असतं. शिवाय हे औषध चरबीत साठतं, अंड्याच्या बलकात उतरतं. अंडी देणाऱ्या कोंबडीला ते पशुवैद्याच्या हातूनच आणि अंडी टाकून द्यायच्या तयारीनेच द्यावं.

कुत्र्याच्या गोचिडीसाठी मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब कोंबडीला टाकण्याचा मोह तर टाळायलाच हवा. २०१७ साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये तांबड्या माइटवर फवारायच्या द्रावणात बेकायदा फिप्रोनिल मिसळलेलं निघालं, ते अंड्यांत उतरलं, आणि युरोपभर कोट्यवधी अंडी दुकानांतून मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी युरोपात फ्लुरालानर हे पिण्याच्या पाण्यातून द्यायचं औषध तांबड्या माइटसाठी मंजूर झालं: किलोला अर्धा मिलिग्रॅम, सात दिवसांच्या अंतराने दोनदा. कोंबडीच्या रक्तातूनच माइटला विष जातं, म्हणजे भेगेतला माइट स्वतः चालत येऊन मरतो. कुत्र्यांच्या गोळ्यांतही फ्लुरालानर असतं, पण ती गोळी कुटून कोंबड्यांना घालायची नाही. मात्रा वेगळी, आणि अंड्यांचा हिशेब अजिबात ठरलेला नाही.

जुनी माणसं अजून ‘गॅमेक्सिन टाका’ म्हणतात. ती पांढरी भुकटी, बीएचसी, भारतात १९९७ पासून बंद आहे, आणि जुन्या पुस्तकांत सर्वत्र सापडणारं कार्बारिल हे कीटकनाशक २०१८ मध्ये बंद झालं. घराच्या माळ्यावर जुना डबा सापडला तर तो खुराड्याकडे नेऊ नये. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर खरोखर चालते, पण ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला जखम होते, माणसाच्या आणि कोंबडीच्याही. कुटताना आणि लावताना डोळे झाकलेले हवेत. लहान मुलांना जवळ ठेवू नये. तंबाखूचा काढा तर साफ नको. निकोटीन कातडीतून शिरतं, आणि पिल्लं त्याने पटकन दगावतात.

या सगळ्या विषारी यादीनंतर कोंबडीच्या स्वतःच्या उपायाबद्दल सांगायला बरं वाटतं. तिला कोरडी बारीक माती मिळाली की ती खड्डा करते, आडवी पडते, पायांनी माती पंखांत ओढते, डोळे अर्धे मिटते, आणि मग उठून एकदाच सगळं अंग झाडते. यात तिचं सुख आहे आणि औषधही. माती पिसांवरचं जुनं तेल शोषते, किड्यांच्या अंगावरचं मेण खरवडते, ते वाळून मरतात. पावसाळ्यात सगळं अंगण चिखल होतं, हा उपाय बंद पडतो आणि उवा-माइट नेमके तेव्हाच वाढतात. त्यामुळे जूनच्या आधी पडवीत किंवा पत्र्याखाली कोरड्या मातीची जागा करून ठेवणं हे वर्षभरातलं सर्वांत स्वस्त काम. ट्रकचा जुना टायर पुरतो. आठ-दहा कोंबड्यांना एक. त्यात गाळलेली कोरडी माती आणि बारीक वाळू निम्मी-निम्मी आणि चुलीची राख दोन घमेली. राख पूर्ण गार आणि कोरडी हवी. ओली राख क्षार सोडते, पायाची आणि पोटाची कातडी जळते.

यात गंधक घातलं तर ताकद कैक पटींनी वाढते. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनी वाळूच्या पेट्यांत वेगवेगळ्या भुकट्या घालून पाहिल्या, त्यांत गंधकाची पेटी सर्वांत प्रभावी ठरली. पेटी न वापरणाऱ्या कोंबड्यांवरचे माइटही शेजारणींच्या पिसांतल्या गंधकाने कमी झाले. आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत भुरी रोगासाठी गंधक धुरळतात, तीच बारीक भुकटी हवी. पाण्यात मिसळायचं ८० टक्क्यांचं गंधक नको, त्यात इतर द्रव्यं असतात. दहा किलो मातीला अर्धा किलो गंधक पुरे. मिसळताना नाक-तोंड आणि डोळे बांधावेत, आणि राख गार असल्याची दोनदा खात्री करावी. निखाऱ्यावर गंधक पडलं तर पेटतं आणि त्याचा धूर बंद शेडमध्ये कोंबड्या मारतो.

खुडूक कोंबडीची काळजी वेगळी घ्यावी लागते, आणि ती घेतली नाही तर पिल्लांचं नुकसान होतं. एकवीस दिवस ती टोपलीत बसते. दिवसातून एकदा, थोडाच वेळ उठते. मातीत लोळायला तिला वेळच नसतो. खाली ऊब, ओलावा, अंधार, आणि हलायचंही नाही. थोड्या माइटची तीन आठवड्यांत दाट वस्ती होते. बाराव्या-पंधराव्या दिवशी कोंबडी अंडी सोडून उठते आणि ‘हिला बसायची अक्कल नाही’ असा शिक्का तिच्यावर बसतो. पिल्लं निघालीच तर पहिल्या दिवशी त्यांच्या डोक्यावर उवा चढतात. पिल्लू चाळीस ग्रॅमचं, त्याच्या अंगात रक्त काही मिलीच.

म्हणून ती खुडूक झाली त्या दिवशीच, अंडी खाली ठेवण्याआधी, तिच्यावर उपचार करावा आणि वाळल्यावर बसवावं. टोपली उन्हातून काढलेली. तळाला दोन बोटं कोरडी राख, त्यावर वाळलेला कडुनिंबाचा पाला, त्यावर नवा पेंढा. तेल पेंढ्याला किंवा अंड्यांना लावू नये. कवचाची छिद्रं बुजतात आणि आतलं पिल्लू गुदमरतं. सातव्या दिवशी अंडी बॅटरीवर धरून पाहतातच, त्याच वेळी कोंबडीची शेपटीही उचलून पाहावी. माइट दिसले तर तेव्हाच शेपटीखाली औषध लावून पेंढा बदलावा. अठराव्या दिवसानंतर कुठलंही कीटकनाशक टोपलीत नको, फक्त पेंढा बदलायचा. निघालेल्या पिल्लाच्या डोक्यावर उवा दिसल्या तर टाळूवर खोबरेलाचा एक थेंब बोटाने चोळावा. एकच. जास्त तेलाने पिसं चिकटतात आणि पिल्लू गारठतं.

पिसं गेली म्हणजे किडेच झाले असं मात्र नाही. पावसाळ्यानंतर कोंबडी जुनी पिसं गाळते, खालून नव्या पिसांच्या निळसर नळ्या दिसतात; तेव्हा औषध नको, सुकट आणि शेंगदाण्याची पेंड हवी, कारण पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. फक्त पाठ आणि डोक्याची मागची बाजू उघडी पडली असेल तर तो कोंबड्याच्या नखांचा आणि चोचीचा उद्योग, दहा-बारा कोंबड्यांना एक कोंबडा पुरे. तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती काळ्या खपल्या धरल्या तर त्या देवी, डासांतून येणाऱ्या. त्यांवर कीटकनाशक चोळून काही होत नाही. उघड्या मानेची गावठी जात जन्मतःच तशी असते. आणि कळपात एकाच कोंबडीवर उवांचा ढीग असेल तर आधी तिची चोच पाहावी. चोचीचं टोक तुटलं असेल, वरची-खालची चोच जुळत नसेल, तर तिला पिसं विंचरता येत नाहीत, आणि तिच्यावर कितीही औषध मारलं तरी महिन्याने तेच.

बाजारातून आणलेली कोंबडी किंवा तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) तीन आठवडे वेगळी ठेवावी. आल्या दिवशी आणि आठव्या दिवशी तिची शेपटी तपासावी. ती ज्या डालग्यातून आली ते डालगं खुराड्यात नेऊ नये.

घरातल्या माणसांना रात्री मनगटावर, कमरेला खाज सुटायला लागली, बारीक लाल पुरळ उठलं, तर माइट उंबरा ओलांडून आले आहेत. ते माणसावर वस्ती करत नाहीत, चावून जातात. साबणाने अंघोळ आणि कपडे गरम पाण्यात, एवढं पुरतं. पण खुराडं घराच्या भिंतीला लागून असेल आणि कोंबड्या एकदम विकल्या असतील तर भुकेले माइट घराकडेच वळतात. म्हणून कोंबड्या काढायच्या असतील तर आधी खुराडं साफ करावं, मग कोंबड्या काढाव्यात.

पंधराव्या दिवसाचा तिसरा हात झाला की नवा पुठ्ठा गुंडाळून पुन्हा दांडीखाली बांधायचा. दोन दिवसांनी उलगडल्यावर रिकामा निघाला तर पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी, उन्हाळ्यात महिन्याने बांधत राहायचं. दहा-बारा माइट निघाले तर भेग कुठली राहिली ते शोधायचं, आणि ती बहुधा दांडीच्या टोकाशीच सापडते. पुठ्ठा दर वेळी पिशवीसकट चुलीत.